जो गप्प आहे, त्याच्याकडे आधी

 हातातलं काम सोडू नका, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. फक्त मध्येच एकदा आम्ही घड्याळ मागणार आहोत. सेकंदकाट्याचं असो नाहीतर मोबाईलमधलं, ते जवळ असू द्या.

आम्ही दोघी बोलतोय. एक तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, आता निवृत्त आहे. दुसरी गावात आशाताई आहे. एकीनं वॉर्ड पाहिले, दुसरीनं वस्त्या पाहिल्या. आजचा विषय घरात आजारी माणूस सांभाळायचा. आपल्याकडे याला ‘आजारपण काढणं’ म्हणतात, आणि ते कोण काढतं हे सांगायला रेडिओ लागत नाही. सून काढते, लेक काढते, बायको काढते. शिकवत मात्र तिला कोणी नाही. नर्सिंगच्या मुली तीन-चार वर्षं शिकतात, मग त्यांच्यावर पेशंट सोपवतात. आपल्या हातात डिस्चार्जचा कागद आणि माणूस एकदमच देतात आणि म्हणतात, “काळजी घ्या.” घ्यायची म्हणजे काय करायचं, ते विचारायचं धाडस होत नाही. तेवढ्यात पुढचा नंबर आलेला असतो.

सगळं एका दिवसात सांगून होणार नाही. म्हणून आज एकच गोष्ट धरू. दहा कामं समोर असली तर आधी कुठलं?

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जत्रेहून परत येणारी ट्रॅक्टरची ट्रॉली घाटात उलटली आणि दिवेलागणीला अकरा माणसं एकदम दवाखान्यात आली. ड्युटीवर डॉक्टर एक, सिस्टर दोन. त्यातली एक आमच्यातली. एका तरण्या पोराचा हात मोडला होता, हाड वाकडं दिसत होतं, आणि तो असा काही ओरडत होता की सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. आम्हीही झालो. भिंतीला टेकून एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर, अंगावर थोडं खरचटलेलं, बाकी काही नाही. विचारलं तर म्हणाली, “माझं नंतर बघा, पोराला बघा आधी.” पोरगा तिचा नव्हता. अर्ध्या तासानं एक मावशी तिला पाणी द्यायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. हात गार पडले होते, कपाळावर घाम होता, नाडी इतकी जलद आणि बारीक की बोटाखाली सापडेना. पोटात पाणथरी फाटली होती, आतल्या आत रक्त वाहत होतं. रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, ऑपरेशन झालं, बाई वाचली. पण तो अर्धा तास आमच्या हातून गेला होता. मोडलेला हात सकाळपर्यंत थांबला असता. तिचं रक्त थांबणार नव्हतं.

जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, त्याला शुद्ध आहे, ओरडायला अंगात जोर आहे, एवढं तर नक्की. त्याला धीर द्या, पण आधी नजर फिरवा आणि गप्प कोण आहे ते बघा. तान्ह्या बाळाचंही तसंच. रडणारं बाळ एक वेळ परवडलं. जे रडायचं थांबलंय, अंगावर ओढायचं थांबलंय, मलूल पडलंय, त्याला उचला आणि दवाखान्याची वाट धरा.

गप्प माणसात काय बघायचं? आधी श्वास, मग रक्त, मग शुद्ध. शुद्ध नाही पण श्वास चालू आहे, असं माणूस उताणं ठेवू नका. उताण्या माणसाची जीभ मागे पडते, उलटी घशात जाते. त्याला कुशीवर वळवा. उंचावरून किंवा गाडीवरून पडला असेल तर मात्र मान आणि पाठ एका ओळीत धरून, दोघी-तिघींनी मिळून वळवा. आणि तोंडात काही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, काही नाही. फिट आली की दातात चमचा घालतात, नाकाला चप्पल नाहीतर कांदा लावतात. आमच्या लहानपणापासून पाहतोय. चमच्यानं दात तुटतात आणि कांद्यानं फिट थांबत नाही, ती तिच्या वेळेनं थांबते. आजूबाजूचा दगड, चूल, विळी बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, झटके ओसरले की कुशीवर वळवा आणि किती वेळ चालली ते घड्याळात बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच १०८ ला फोन.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घडी करून जखमेवर दाबायचं आणि दाबूनच धरायचं. दर मिनिटाला उचलून “थांबलं का” बघायचं नाही. उचललं की धरू लागलेली गुठळी निघते. फडकं भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा. हळद, चहापावडर, तंबाखू डब्यात राहू द्या.

आता ते घड्याळ घ्या. घरात कोणी शांत बसलं असेल, झोपलं असेल, त्याच्या छाती-पोटाकडे बघा. वर जाऊन खाली आलं की एक श्वास. त्याला सांगू नका, सांगितलं की माणूस श्वास मुद्दाम घेतो. एक मिनिट पूर्ण मोजा, आम्ही थांबतो.

(इथे कार्यक्रमात एक मिनिट शांतता होती.)

किती आले? मोठं माणूस निवांत असेल तर साधारण १२ ते २० येतात. आजारी माणसाचे निवांत असताना २५ च्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ३० च्या वर गेले, किंवा एक वाक्य पुरं करताना दम तुटतोय, ओठ निळे दिसताहेत, तर वाट बघायची नाही, गाडी बोलवायची. लहान मुलांचे जास्तच असतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर ते जलद समजायचे. खोकला आहे आणि श्वासही जलद आहेत, म्हणजे न्यूमोनिया असू शकतो. छाती आत ओढली जात असेल तर अजिबात थांबू नका.

हे मोजणं आपल्याला जमेल का, असं वाटत असेल तर गडचिरोलीचं सांगतो. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या सुईणींना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन केलं. पुढे गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षी त्या गावांमधले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारते, बाळाचं वजन करते, ताप बघते, ते काम तिथून पुढे आलेलं आहे.

पण ट्रॉली काही रोज उलटत नाही. घरातलं आजारपण हळूहळू चालतं, आणि तिथेही जिवावरचं जे असतं ते गप्पच असतं. ‘आज आंघोळ राहिली’ हे सगळ्यांना दिसतं, पाहुणे आले की बोलूनही दाखवतात. छातीत गेलेला चहाचा घोट कोणाला दिसत नाही.

हे आमच्याच घरात झालं. आमच्यातली जी सिस्टर, तिच्या सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ड्युटीवर, घरात नात. सासूबाईंना चहा फार प्रिय. नातीनं बशीत चहा ओतून, पडल्या पडल्याच, प्रेमानं पाजला. जरा ठसका लागला, मग थांबला. दोन दिवसांनी ताप, मग धाप. न्यूमोनिया. त्या दुखण्यातून त्या उठल्या नाहीत. नात आता संसारी आहे, तिला विचारूनच हे सांगतोय. तिची काही चूक नव्हती. लकव्याच्या माणसाला निजवून पाजायचं नाही हे वॉर्डात शंभर बायकांना सांगितलं होतं, घरी सांगायचं राहून गेलं.

म्हणून लकव्याचं माणूस घरी आणायच्या आधी डॉक्टरांना किंवा सिस्टरला स्पष्ट विचारा: यांचं गिळणं तपासलं का? काय द्यायचं, पातळ की घट्ट? विचारायला लाजू नका. भरवताना माणूस पूर्ण जागं हवं. पाठीला गोधड्या, उशा लावून ताठ बसवा, हनुवटी जराशी छातीकडे. घास लहान, आणि चांगल्या बाजूच्या गालात. लुळ्या बाजूला घास साठून राहतो आणि त्यांना कळतही नाही, म्हणून शेवटी तोंड उघडून बघा, पुसून घ्या. पाण्यासारखं पातळ पटकन श्वासनळीत जातं. घट्ट पेज, मऊ कालवलेला भात बऱ्याच जणांना सोपा जातो. खाताना खोकला आला, किंवा घास गेल्यावर आवाज घशात पाणी असल्यासारखा ओला यायला लागला, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना सांगा. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. याला वेळ लागतो. पाऊण तास लागेल. शेतावर जायची घाई असेल त्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी भरवायला बसवा, घाईनं मात्र भरवू नका.

लकव्याबद्दल आणखी एक, कारण इथे तास मोजले जातात. तोंड एका बाजूला ओढलंय, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी माणसाला शेवटचं धड कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात. तेही सीटी स्कॅन करून, आणि सगळ्यांना ते चालत नाही. पण मालिशवाल्याकडे जाऊन दुपारी आलेल्या माणसाला ते मिळायची शक्यताच उरत नाही. मालिश कुठे पळून जात नाही.

दुसरा गप्प शत्रू म्हणजे पाठीची जखम, बेडसोअर. एका वस्तीवर एक मावशी आहेत. झाडावरून पडल्या, मणक्याला मार बसला, कमरेखाली जाणीव नाही. दुखतच नाही, मग ओरडणार कशा? आशाताई गेली तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. घरच्यांनी वरून पावडर टाकून झाकली होती. सून चांगली आहे, रोज धुणं-पुसणं करत होती. पण मावशी दिवसभर उताण्या.

ही जखम मळानं होत नाही, वजनानं होते. हाड वर, कॉट खाली, मधल्या कातडीचं रक्त बंद. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, उताणी, उजवी. कुशीवर निजवताना पाठीमागे गोधडीची वळकटी लावा, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा उशीच्या कडेबाहेर अधांतरी. सरकवताना ओढू नका. अंगाखाली एक दुमडलेली चादर कायम ठेवा आणि दोघींनी चादरीचे काठ धरून उचला. ओढलं की कातडी सोलते, आणि एकटीनं ओढलं की तुमची कंबर जाते. मग घरात दोन आजारी. रोज एकदा उजेडात माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती बघा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबून सोडल्यावर फिका पडत नसेल तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे हात लावून गरम, कडक, दुखरं लागतं का ते बघा. अशा जागी चोळायचं नाही. आपल्याला वाटतं चोळलं की रक्त फिरेल, पण आतलं मांस आणखी दुखावतं. हवेची गादी आणली तरी कूस बदलावीच लागते. दुकानदार हे सांगत नाही.

मावशींना लघवीची नळीही आहे. ती पिशवी कायम कमरेच्या खाली लटकलेली हवी आणि जमिनीला टेकायला नको. कूस बदलताना ती उचलून अंगावर ठेवतात. मग पिशवीतली लघवी मागे जाते आणि जंतू आत जातात. पिशवी रिकामी करण्याआधी आणि नंतर हात साबणानं धुवायचे. हाताची गोष्ट साधी वाटते, पण १८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात डॉक्टर सेमेलवाइस यांनी बाळंतपणाआधी डॉक्टरांना हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणी मरायच्या कमी झाल्या. आणि मोठमोठ्या डॉक्टरांना तेव्हा ते पटलं नाही! आमच्याकडे मात्र कधी कधी सासूला सुनेचं हात धुणं लागतं. “माझी किळस येते का तुला?” म्हणून. तेव्हा सांगायचं, आत्याबाई, माझ्या हाताचं तुम्हाला लागू नये म्हणून धुते.

गोळ्यांचं थोडक्यात सांगतो. एका घरात दोन म्हातारी माणसं असली की गोळ्यांची अदलाबदल ठरलेली. दोन वेगळे डबे करा, एकाला लाल दोरा, दुसऱ्याला पांढरा. पट्टी कापताना नाव आणि मुदत कापली जाऊ देऊ नका. देताना कोणाची, कुठली, किती, केव्हा, आणि पोटात घ्यायची की लावायची, एवढं प्रत्येक वेळी बघायचं, पाठ झालं तरी बघायचं. आणि साखरेची गोळी दिली पण माणूस जेवलंच नाही, हे फार होतं. घाम येतो, हात थरथरतात, माणूस चिडचिड करतं किंवा असंबद्ध बोलतं. घरचे म्हणतात, म्हातारपण. तसं वाटलं आणि माणसाला गिळता येतंय, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा, बरं वाटलं की खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही नाही, थेट दवाखाना.

१०८ ला फोन करताना घाबरून नुसतं “लवकर या” म्हणू नका. गाव, तालुका, जवळची खूण, काय झालं, शुद्ध आहे का, श्वास कसा, एवढं सांगा आणि विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. मग एका पोराला फाट्यावर उभं करा, रात्र असेल तर बॅटरी देऊन. गाडी गावात येऊन वस्ती शोधत फिरते, त्यात पंधरा मिनिटं सहज जातात. आणि एक वही ठेवा. शाळेची जुनी चालेल. काय खाल्लं, लघवी किती वेळा, ताप किती, कुठली गोळी केव्हा, कूस केव्हा बदलली. दवाखान्यात गेल्यावर “बरं नाही हो” म्हणण्यापेक्षा ती वही पुढे करा. डॉक्टर वही वाचतात, आम्ही पाहिलंय.

हे सगळं एकट्या बाईनं करायचं का? नाही होत. दर दोन तासांनी कूस, रात्री उठणं, भरवायला पाऊण तास, आणि वर मजुरी. दवाखान्यातसुद्धा सिस्टर तीन पाळ्यांत बदलतात, घरी एकच बाई तिन्ही पाळ्या करते. मावशींच्या वस्तीवर बचत गटाच्या आठ जणी आहेत. बैठकीत हप्त्याचं झाल्यावर आशाताईनं विषय काढला. आधी सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, मी धार काढायला त्याच वाटेनं जाते, सकाळची कूस माझी. नळाला पाणी येतं तेव्हाची दुसरीची. शाळा सुटल्यावरची तिसरीची, मालिका सुरू व्हायच्या आधीची चौथीची. घड्याळ कोणी पाहिलं नाही, दिवसाच्या कामांवरच पाळ्या ठरल्या. रात्रीच्या दोन घरच्यांनी घेतल्या, एक मुलानं. मुलानं, हे मुद्दाम सांगतोय. दाराच्या मागे खडूनं रेघा, कूस बदलली की रेघ मारायची. जखमेची पट्टी बदलायला उपकेंद्रातल्या सिस्टर येत होत्या, आणि रोज एक अंडं नाहीतर वाटीभर घट्ट डाळ मावशींच्या ताटात जाईल हे गटानं बघितलं, कारण अंगात काही नसेल तर जखम भरत नाही.

जखम भरायला तीन महिने लागले. मधे एकदा लग्नसराईत पाळ्या चुकल्या आणि चार दिवसांत पुन्हा लाली आली, तेव्हा सगळ्याच घाबरल्या. आता कातडी धरली आहे. मागच्या आठवड्यात आम्ही दोघी वस्तीवर गेलो तर मावशी आमच्याशी बोलायच्या आधी दाराकडे बघत होत्या. म्हणाल्या, “शाळा सुटून किती वेळ झाला, ती अजून आली नाही. रेघ बघा किती आहेत.” आम्ही मोजल्या. एक कमीच होती. मग आम्हीच चादरीचे काठ धरले.